पाद्रीबाबांच्या पाठीवरची डाळिंबं

मांतोवा, तळ्यापलीकडची पाणगिरणी
द्राक्षतोडणी संपता संपता, १४७९

आल्दा,

वर आशीर्वाद लिहिणार होते. मग वाटलं, जिनं बारा वर्षांत तुझ्या डोक्यावर हात ठेवला नाही तिचा आशीर्वाद तुला टोचेलच. म्हणून नुसतं आल्दा. मी ताद्देआ, तुझी आई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की शेगडीत घालायचं ते तुझं तुला ठरवता येईल.

लाल रेशमाच्या लडीत हा कागद सापडल्यावर तू दचकली असशील. नूतामावशीवर रागावू नकोस. ती तुमच्या मठात दोरा विकते तशी इकडे गिरणीवरही येते, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुलाही ठाऊक असेल. परवा पीठ घ्यायला आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "अगाथेच्या मठात सणाचा जुना झगा दुरुस्तीला काढलाय. पाद्रीबाबा घालतात तो, मिस्सेच्या प्रार्थनेचा. त्या बेल्त्रामोच्या पोरीकडे दिलाय. बोटं बघावीत तिची! तोंडाला मात्र कुलूप."

मी विचारलं, कसला झगा?

"किरमिजी मखमल. एक लव उंच, एक ठेंगणी. ही एवढाली डाळिंबं, आणि दाण्यांच्या जागी कलाबतूचे बारीक फास. मेणबत्तीपाशी धरलं की दाणे लुकलुकतात. आता कोण विणतंय असलं कापड?"

मी हातातली परात खाली ठेवली.

आल्दा, तुझ्या मांडीवर पडलेला तो झगा पाद्रीबाबांचा होण्याआधी माझा होता. माझ्या लग्नाचा. माझ्या वडिलांनी व्हेनिसहून ते ठाण आणवलं होतं. तुझे बाबा, बेल्त्रामो, गेले तेव्हा त्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून तुझ्या काकांनी तो मठाला दान दिला. शिंप्यानं माझ्या घेरातून पाठ काढली आणि बाह्यांमधून पुढचा भाग जोडला. दर वर्षी फेब्रुवारीत संत अगाथेच्या सणाला पाद्रीबाबा तो घालतात, आणि दर वर्षी मी तळं ओलांडून मिस्सेला येते, मागच्या खांबाआड, पाव भाजणाऱ्या बायकांमध्ये. पाद्रीबाबांची पाठ मी जितकी निरखली आहे तितकी माझ्या दोन्ही नवऱ्यांची मिळून निरखली नसेल.

मागणं काही नाही. फक्त, पाठीवर डाव्या कडेला खालच्या बाजूला एका डाळिंबाला टक्कल पडलं आहे, ते तुझ्या नजरेला आलंच असेल. ते कशानं झिजलं हे मठात कुणालाच सांगता येणार नाही. मला येईल. ऐकायचं असेल तर नूतामावशीकडून आणखी लाल रेशीम मागव. नसेल तर हिरवं मागव, मी समजेन.

ताद्देआ


नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस उलटल्यावर

आल्दा,

अर्धी लडी! नूतामावशी कुरकुरत होती, "अर्धी लडी मागतं का कुणी? उरलेली अर्धी मी काय कानात घालू?" मी म्हटलं, मला दे. माझ्या उशाशी आहे ती. अर्धी का होईना, लाल आहे.

आज धुकं इतकं दाट आहे की गिरणीचं चाक नुसतं ऐकू येतं, दिसत नाही. तळ्यापलीकडे तुमच्या मठाची घंटा वाजते तीही कुठून तरी वरून येते, जसं काही शहर रात्रीतून उचलून ढगात ठेवलं आहे. अशा दिवशी मला तो झगा अंगावर जाणवतो. हसू नकोस. खांद्यांवर त्याचं वजन येतं. वासरू पाठीवर घेतल्यासारखा जड होता तो.

एकदाच घातला मी तो, दरबारात. सरकारांच्या घरातलं लग्न होतं. तुझे बाबा दरबारचे ससाणे सांभाळायचे, त्यामुळे आम्हाला मागच्या रांगेत का होईना, जागा होती. मी दालनात शिरले तेव्हा मी चालत नव्हते, झगा मला चालवत होता. उंच खिडकीतून दुपारचं ऊन आलं होतं. मी उन्हाकडे तोंड केलं की लाल दिसायचे आणि वळले की काळसर. लोकांची बोलणी थांबली. सासूबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "ताठ उभी राहा. कापडाची लाज जाईल." माझी नव्हे हं, कापडाची! तुझे बाबा मात्र माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "हलू नकोस, कलाबतूचे दाणे मोजतोय." ते ससाण्यांशी बोलायचे तसंच माझ्याशी बोलायचे, हळू, उडून जाईन म्हणून.

नंतर झगा पेटीत गेला. पेटी पुन्हा उघडली ती तुझ्यामुळे. तीन वर्षांची असशील. पावसाच्या दिवसांत बाहेर सोडता यायचं नाही, म्हणून मी तो झगा पलंगावर पसरायची आणि तुला त्यावर बसवायची. सासूबाईंना कळलं असतं तर दोघींना घराबाहेर काढलं असतं. तिथे आपला एक खेळ होता. मखमलीवर सुलटा हात फिरवला की लव निजते, रंग उजळतो. त्याला आपण सकाळ म्हणायचो. उलटा हात फिरवला की लव उभी राहते, रंग काळवंडतो. ती रात्र. तुला सकाळ कधी आवडलीच नाही. सारखं आपलं "रात्र कर, रात्र कर." कारण रात्र झाली की आईला शेजारी आडवं व्हावं लागायचं, असा तू नियम केला होतास. नेहमी तेच एक डाळिंब, डावीकडचं, खालचं. त्याचं टक्कल तुझ्या हातानं पडलं आहे.

पुढचं लिहू की नको, विचार करते आहे. शेजारी तोन्यो, माझा नवरा, चाळणी दुरुस्त करतो आहे. पीठ नाकात जाऊन शिंकतो आणि विचारतो, "कुणाला एवढं लांबलचक लिहिते आहेस?" मी म्हणते, धान्याच्या दलालाला. तो म्हणतो, "दलाल भाग्यवान दिसतोय."

लिहितेच.

तुझ्या बाबांना तळ्याच्या तापानं नेलं. त्यांना पुरून आलो तर दारात माझे दोघे भाऊ खेचरं घेऊन उभे. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. तरुण विधवेला माहेरचे उचलून नेतात, तिचा हुंडा तिच्याबरोबर परत जातो, तिला पुन्हा उजवतात. मूल बापाच्या घराचं, ते तिथेच राहतं. दागिने नि कपडेही नवऱ्याच्या घरचे. तुझे ब्रुनोरोकाका ओसरीवर उभे राहून म्हणाले, "पोर आमची, झगा आमचा. बाई तुमची, घेऊन जा." इतक्या कमी शब्दांत माणसं वाटून टाकलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

झगा पेटीतून काढून पलंगावर ठेवला होता, मठाला द्यायचा म्हणून. तू त्यावर बसली होतीस. मला पाहून म्हणालीस, "रात्र कर." खाली भाऊ हाका मारत होते. मी रात्र केली. शेजारी आडवी झाले. तुझे डोळे मिटले. मग मी उठले.

माफी मागत नाहीये. तुला रडताना सोडण्यापेक्षा झोपेत सोडावं, एवढंच त्या वेळी मला सुचलं होतं. त्यातून तू काय समजलीस हे मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला मला कुणी येऊ दिलं नाही.

आता हिरवं रेशीम मागवलंस तरी मला नवल वाटणार नाही.

ताद्देआ


डिसेंबर, संत लुचीयाचा दिवस

आल्दा,

पूर्ण लडी, आणि लाल! नूतामावशीला मी मोहरीच्या पाकातले पेअर खायला घातले. तीन वाट्या संपवून म्हणाली, "मुलीनं लडी घेतली, दातानं दोरा तोडून पाहिला, आणि म्हणाली, रंग उतरणार नाही ना? बस्स. एवढंच बोलली. पण ती ऐकणारी म्हातारी शेजारी बसली असताना कोण काय बोलणार?"

ती बाई काय, तुमच्याकडे बोलणं ऐकायलाच बसवलेली असते ना? आणि कागदाचा कपटाही मिळत नाही, हेही नूतामावशीनं सांगितलं. म्हणजे तू उत्तर का देत नाहीस ते मला कळलं. निदान एक कारण तरी कळलं.

काल स्वप्न पडलं. मी झग्यावरून चालते आहे. झगा केवढा, शेताएवढा. लाल गवत घोट्यापर्यंत, पाय टाकला की दबतं आणि मागे काळी पावलं उमटतात. डाळिंबं झाडांएवढी उंच. वारा आला की सगळं शेत एकदम काळं व्हायचं आणि वारा पडला की एकदम लाल. लांब कुणीतरी पाठमोरं बसून शिवत होतं. मी चालत राहिले, पण माझ्याखालचं शेत तीच व्यक्ती सुईनं आपल्याकडे ओढून घेत होती, मी नुसती उभी राहिले असते तरी तिच्यापाशी पोचले असते. जाग आली तर चाक फिरत होतं आणि तोन्यो घोरत होता.

पण स्वप्नासाठी लिहायला बसले नाहीये. नूतामावशीनं जाता जाता दुसरी बातमी दिली. सणानंतर येणाऱ्या रविवारी तू व्रत घेणार. केस कापणार, काळा बुरखा चढवणार, आणि मग जाळीआडून बाहेर यायचं नाही ते मरेपर्यंत. तुला मठात नेऊन ठेवलं काकांनीच, आता हेही त्यांनीच ठरवलं म्हणे. काकांना देवाची ओढ लागली आहे असं मला कुणी सांगू नये. तुझं लग्न लावायचं तर तुझ्या वडिलांच्या जमिनीचा तुकडा जाईल, मठात देणं त्याहून स्वस्त.

आता नीट वाच.

तुझ्या मनात ते खरोखरच असेल तर मी हूं की चूं करणार नाही. मठात सुखानं राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तुमच्याकडे बाग आहे, गाणं आहे, आणि नवरे नाहीत, त्यामुळे त्यांचा हेवाही वाटतो कधी कधी. तू सुखात असशील तर मी खांबाआडून बघून परत येईन आणि गिरणीवर पीठ चाळत बसेन.

पण तुझ्या मनात नसेल तर बिशपांचे प्रतिनिधी माझं म्हणणं ऐकतील. सक्तीचं व्रत चालत नाही, कायदा आहे तसा. मात्र तुझ्या शब्दाशिवाय मी त्यांच्या दारी जाणार नाही. माझ्या भावांनी मला न विचारता खेचरावर बसवलं. तुझ्यासाठी ते खेचर मी होणार नाही.

तुला कागद नाही आणि बोलायची सोय नाही. पण सुई आहे. त्या टक्कल पडलेल्या डाळिंबाच्या जागी तुला नवा तुकडा लावावाच लागेल, खालच्या दुमडीत जास्तीचं कापड आहे, तिथून काढ. तुला मठात राहायचं असेल तर तुकडा सुलट लाव, आसपासच्या लवेसारखा. दुसऱ्या कुणाला काही दिसणार नाही. आणि माझ्याकडे यायचं असेल तर उलट लाव. ते एक डाळिंब इतरांहून थोडं काळसर दिसेल. लोकांना वाटेल, मेणबत्तीची सावली. सणाच्या दिवशी पाद्रीबाबा वेदीकडे वळून हात उचलतील तेव्हा मला कळेल.

एकच डाळिंब पुरे.

ताद्देआ


नाताळानंतर

आल्दा,

नूतामावशी आली तेव्हा मी गोणी शिवत होते. आल्या आल्या म्हणाली, "तुझी ती पोरगी चक्रम आहे." मी म्हटलं, का गं?

"अगं, दोऱ्याचा भाव नाही विचारला, काही नाही. झगा पुढ्यात धरून मला म्हणते, मावशी, या मखमलीत रात्र कुठल्या बाजूला असते? ती ऐकणारी म्हातारी दोऱ्यात डोळे घालून बसली होती. तिला वाटलं, विणकरांचा काहीतरी शब्द असेल. मलाही वाटलं. मी आपलं ठोकून दिलं, वरच्या बाजूला. बरोबर आहे का गं? अगं, ताद्देआ! गोणीला शिवण घालतेस की आपल्या बोटाला?"

बोटालाच घातली होती. तुझी आठवण शाबूत आहे, आल्दा. मला इतकी वर्षं वाटत होतं की तू फार लहान होतीस, विसरली असशील, आणि विसरली असशील तर बरंच, असंही मी स्वतःला सांगत आले. ते खोटं होतं. तुला आठवतं आहे म्हटल्यावर मी गिरणीमागे जाऊन रडले. चाकाच्या आवाजात ऐकू जात नाही.

वरच्या बाजूला बरोबर आहे. वरून खाली हात फिरव, गुळगुळीत लागेल, ती सकाळ. खालून वर फिरव, हाताला अडेल, ती रात्र.

तोन्योला मी शेवटी सांगून टाकलं. म्हटलं, दलाल नाही, मुलगी आहे. तो पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून म्हणाला, "दर वर्षी थंडीत मेणबत्त्या आणायला म्हणून तळं ओलांडतेस, आणि परत येतेस ती मेणबत्त्या न आणता. मी काय आंधळा आहे?" मग बराच वेळ चाळणी आपटत राहिला. म्हणाला, "नावेला डांबर लावून ठेवतो." हे त्याचं बोलणं. त्याच्याकडून याहून गोड शब्द मी नऊ वर्षांत ऐकलेला नाही, आणि मला चालतं.

या वेळी तीन लड्या लाल मागवल्यास म्हणे. नूतामावशी विचारत होती, एका डाळिंबाला एवढा दोरा? मी गोणी शिवत राहिले. तुला माझी पत्रं हवी आहेत, म्हणून मागवतेस, हे तिला कशाला सांगू?

ताद्देआ


जानेवारी, तळं गोठलेलं

आल्दा,

नूतामावशी बर्फावरून यायला घाबरते, त्यामुळे हे तुला सणाआधी मिळेल की नाही, सांगता येत नाही. तरी लिहिते. लिहिलं नाही तर हात रिकामे राहतात.

आज उलटेच विचार येत आहेत. वाटतं, रात्र कुठली हे तू एवढ्यासाठी विचारलंस की चुकूनही ती लागू नये. नीटनेटकं काम करणारी मुलगी असंच विचारेल. तिथे तुझी कुणी मैत्रीण असेल. गाणं असेल. मागच्या सणाला मी जाळीच्या जरा जवळ सरकले होते, तुमच्या गाण्यातून तुझा आवाज वेगळा काढता येतो का बघायला. नाही आला. सगळ्याजणी मिळून एकच आवाज होता, आणि तो सुखी वाटत होता. इथे आलीस तर काय मिळेल? बाजरीची पेज, ईल मासे, सगळीकडे पीठ, आणि एक आई, जिचा चेहराही तुला आठवत नसेल.

घरात मखमलीचा तुकडासुद्धा नाही.

म्हणून पुन्हा सांगते. तुकडा सुलट दिसला तर मी रागावणार नाही, आणि पुन्हा पत्रही पाठवणार नाही. त्या डाळिंबाकडे बघून घेईन, एकदाच. त्यात तुझा हात असेल, वर तुझे टाके असतील. तेवढं मला जन्मभर पुरवावं लागेल, तर पुरवीन.

बर्फावर चंडोल उतरले आहेत आणि घसरतात. तुझ्या बाबांचे ससाणे असते तर मेजवानी झाली असती.

ताद्देआ


संत अगाथेचा सण, १४८०, संध्याकाळ

अगं आल्दा, एक डाळिंब सांगितलं होतं. एक!

हे पत्र लडीत घालायची गरज नाही, उद्या मी स्वतः तुझ्या हातात देईन. पण उद्यापर्यंत मला धीर धरवत नाही आणि तोन्योला एकच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर तो चाकाखाली जाऊन बसेल. तू जाळीआड होतीस, तुला पाठ दिसली नसेल. म्हणून मला दिसलं ते सांगते.

सकाळी तोन्योनं बर्फ फोडत नाव काढली. मी नेहमीच्या खांबाआड उभी राहिले. पुढच्या बाकावर तुझे ब्रुनोरोकाका, नवी फर लावून. शेजारी बिशपांचे प्रतिनिधी, रविवारच्या व्रतासाठी आधीच आलेले. पाद्रीबाबा बाहेर आले तेव्हा तोंड आमच्याकडे होतं. पुढचा भाग लाल, नेहमीसारखा. माझ्या बाह्या. मी मनात म्हटलं, पोरीनं काही बिघडू दिलं नाही.

मग ते वेदीकडे वळले.

आधी मला वाटलं, माझे डोळे गेले. पाठ काळी होती. जुन्या दारूच्या तळाशी गाळ असतो तशी काळी-लाल. ते हात उचलत होते आणि सगळी पाठ मेणबत्त्यांचा उजेड पिऊन टाकत होती, आणि मधे कलाबतूचे दाणे लुकलुकत होते, ढगाळ रात्री एखादी चांदणी दिसावी तसे. डाळिंबं सगळी उलटी, देठ वर नि तोंड खाली. खांद्यापाशी कापड अपुरं पडलं तिथे तू साध्या लाल रेशमानं भरून काढलंस. तीन लड्या! आणि मी मूर्ख, मला वाटलं माझ्या पत्रांसाठी मागवतेस.

सगळी पाठ उसवून उलटी लावलीस. सगळी रात्र केलीस.

पाव भाजणारी एक बाई म्हणाली, "अगं बाई, बाबांनी झगा उलटा घातला की काय?" दुसरी म्हणाली, "झगा नाही, डाळिंबं उलटी आहेत." कुजबुज पुढे पुढे सरकत काकांपर्यंत पोचली. पाद्रीबाबांनी मिस्सा मात्र सोडली नाही, माणूस भला आहे. शेवटचा आशीर्वाद संपला तसे काका उठून उभे राहिले. "हे कुणी केलं? आमच्या घरचं दान आहे ते! कुणाची ही चूक?" मठाची म्हातारी भांडारीण जाळीमागून कापऱ्या आवाजात म्हणाली, "पोर नवी आहे, मालक. झाली असेल चूक."

आणि मग तुझा आवाज आला.

"चूक नाही. मला हवं तसंच लावलंय."

आल्दा, मला तो गाण्यातून का सापडला नव्हता ते आता कळलं. मी गोड आवाज शोधत होते. तुझा आवाज घोगरा आहे. माझ्यासारखा.

पुढचं मी ठरवून केलं नाही. इतकी वर्षं ज्या खांबाआड मी श्वास रोखून उभी राहिले त्यामागून मीच ओरडले, "दिसलं गं! दिसलं मला!" सगळे माना वळवून बघायला लागले. काका तर असे बघत होते, जसं काही पाणगिरणीच चालत देवळात आली आहे. पाद्रीबाबा बिचारे वेदीपाशी उभे, म्हणाले, "माझ्या पाठीवर काय आहे ते मला कुणी सांगेल का?"

हसले ते फक्त प्रतिनिधी. मग हसू आवरून ते जाळीपाशी गेले आणि म्हणाले, रविवारी विचारायचं ते आत्ताच विचारतो. व्रत स्वखुशीनं घेते आहेस का? काका म्हणाले, "पोर बावरली आहे, तिला काय विचारता—" आणि तू म्हणालीस, "नाही."

काका पुष्कळ बोलले. ते ऐकायला मी तिथे नव्हते असं समज, कारण माझ्या कानात तो एकच शब्द घुमत होता. प्रतिनिधींनी व्रत रद्द केलं. जमिनीचं काय ते काका भांडतील, भांडू देत. उद्या सकाळी मठाचं दार उघडतील आणि मी तिथे असेन, या वेळी खांबाआड नाही. तोन्यो नावेत थांबेल. तो फार बोलणार नाही, ते रागामुळे असं समजू नकोस. बोचकं छोटं आण, नाव लहान आहे. अंगावर जाड काहीतरी घे, तळ्यावर बोचरा वारा आहे.

झगा त्यांना सुलट करू दे. किंवा ठेवू दे तसाच. पाद्रीबाबा म्हणाले म्हणे, असा जास्त गरम लागतो.

तुझं अंथरूण मी खिडकीशी घातलं आहे. पांघरूण खरखरीत लोकरीचं आहे, सुलटा हात फिरवला काय नि उलटा फिरवला काय, रंग एकच राहतो. त्यामुळे रात्र करायची तर आपल्याला दिवाच मालवावा लागेल. मी शेजारी आडवी होईन. आणि तुझे डोळे मिटले तरी मी उठणार नाही.

आई